कस्तुरशेठच्या भिंतीतल्या माश्या

गिऱ्हाईक कितीही घाईचं असो, त्याच्यासोबत लहान मूल असलं की कस्तुरशेठ हातातला गज खाली ठेवत आणि आधी त्या मुलाला दुकानाच्या मागच्या भिंतीकडे घेऊन जात. ओतूरच्या पेठेत त्यांचं कापडाचं दुकान होतं. घराणं मूळचं मारवाडातलं, जैन. पण बोलणं आमच्यासारखंच.

भिंतीत विटांच्या फटीतून मेणाची एक काळपट नळी बाहेर आली होती. तिच्यातून चिलटाएवढ्या काळ्या माश्या ये-जा करत. आमच्याकडे त्यांना पोयाच्या माश्या म्हणतात. आई लुगडी पाहत बसली की आम्ही चार-पाच वर्षांची पोरं त्या भिंतीसमोर मांडी घालून बसायचो. शेठ म्हणायचे, "हात मागं, डोळं पुढं." मग कोणती माशी रिकामी आली, कोणती पायाला पिवळं लावून आली, हे आम्ही सांगायचं. नळीच्या तोंडाशी बसलेल्या राखणदार माश्याही त्यांनीच दाखवल्या. एकदा एक माशी माझ्या केसांत शिरली आणि मी भोकाड पसरलं. त्यांनी ती हलकेच सोडवली. म्हणाले, "तिला नांगीच न्हाई, बाळे. ती वाट चुकली, तू भ्यालीस."

मध त्यांच्या घरात निषिद्ध होता. पोळं मोडणं म्हणजे वस्ती मोडणं, असं ते सांगत. कोणी मध मागायला आलं तर हात जोडून नाही म्हणत.

एका हिवाळ्यात माझा तान्हा भाऊ खोकल्याने बेजार झाला. दूधही पोटात ठरेना. वैद्यांनी मात्रा दिली आणि ती पोयाच्या मधातच उगाळायला सांगितली. गावात दुसरीकडे तो कुठे मिळेना. घाटघरच्या रानातून आणायचा तर जाऊन-येऊन दोन दिवस मोडणार, आणि बाळाचा तेवढा भरवसा नव्हता. शेवटी दादा, म्हणजे माझे वडील, मला घेऊन शेठकडे गेले. त्यांनी सगळं सांगितलं, पण मध मागायचा शब्द काही त्यांच्या तोंडून निघेना.

दादांनी पागोटं सारखं केलं आणि ते उठू लागले, तेव्हा शेठ म्हणाले, "थांबा भाऊ. दुसऱ्या कुणी हात घातला तर सगळी वस्ती मोडंल. मीच काढतो."

त्यांनी अंगरखा उतरवला आणि आतून एक वीट हळूहळू सैल करून काढली. आत मेणाच्या बोराएवढ्या कुप्या दाटीने लागलेल्या होत्या. कडेच्या मोजक्या कुप्या त्यांनी बांबूच्या काडीने टोचल्या आणि खाली द्रोण धरला. माश्या त्यांच्या भुवयांत, कानांत, मिशांत शिरत होत्या. त्यांनी एकीलाही झटकलं नाही. द्रोण दादांच्या हाती देऊन त्यांनी वीट परत बसवली आणि फट मातीने लिंपली. दोन-तीन माश्या मधात चिकटून मेल्या होत्या. त्या त्यांनी पानावर उचलून घेतल्या. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही शेठ जेवले नाहीत, असं आम्हाला नंतर कळलं.

हळूहळू बाळाचा खोकला उतरला. ते दूध पिऊ लागलं तशी आई त्याला घेऊन शेठच्या पाया पडायला गेली. त्यांनी बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाले, "पोर वाचलं, लई बरं झालं. पण मी केलं ते केलंच. त्याचं पाप काय पुसत न्हाई." शेठच्या चेहऱ्यावर मात्र ना दुःख होतं, ना उपकाराची ऐट.

पुढे शेठ खूप म्हातारे होऊन गेले. पुण्यवान म्हणून लोक त्यांची आठवण काढतात. मला आठवतो तो मध काढला त्याच महिन्यातला बाजाराचा दिवस.

आम्ही पोरं भिंतीसमोर बसलो होतो. झाली गोष्ट त्यांनी आम्हाला स्वतःच सांगितली, काही न लपवता: माश्यांचं घर उघडलं, मध घेतला, काही माश्या मेल्या. सगळ्यांत धाकट्या पोरीने विचारलं, "मग त्या तुमच्यावर रागावल्यात का?"

शेठ तिच्याशेजारी खाली बसले.

"ते आपल्याला कळत न्हाई," ते म्हणाले. "म्हणून तर जपून वागायचं."