धोंडप्पाच्या मळ्यातली माती

एकरुख तलावाच्या पाटाखाली धोंडप्पाचा पानमळा होता. आत जायचं ते अनवाणी. एकदा सरकारी कचेरीतला एक कारकून बूट न काढता शिरला, तर धोंडप्पानं त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. "हितं नागवेल हाय, तुमचं आफिस न्हाय." आम्हा सत्याग्रहींच्या सभेत गळा फोडणारे मी ढीगभर बघितलेत. कारकुनाला हात घालणारा हा एकच.

वेलाचं बेणं मागायला आलेल्याला तो कधी रिकाम्या हातानं पाठवत नसे. वर मळ्यातली मूठभर माती फडक्यात बांधून देई. "पोरगी सासरी निघाली की माहेरचं कायतरी नको व्हय?" आजापासूनची रीत त्यांच्या घरातली.

तीस सालानंतर कधीतरी त्याच्या साडूनं मद्रासकडचं बेणं आणून दिलं, मुळाशी मातीचा गड्डा तसाच. धोंडप्पा हरखला. "बघा की, तिकडंबी आपल्यासारखीच माणसं हायत!"

त्या मातीत तांबड्या मुंग्या होत्या.

मुंगी कुठं नसते? पण ही जबड्यानं कातडी धरून ठेवते आणि मागून डंख मारत राहते. निखारा ठेवल्यासारखी आग, दुसऱ्या दिवशी फोड. वेलांच्या बुडाशी भुसभुशीत वारुळं उठली. गडी तिला 'मद्राशी' म्हणू लागले. मद्रासच्या बंदरात हमाली करून आलेला एक तेलुगू पद्मसाळी विणकर मला म्हणाला, "आमची न्हवं ती. तीबी जहाजातनं आली म्हणतात." म्हणजे मद्रासवर चिडायचीही सोय राहिली नाही.

पानं खुडणारा सोमलिंग एका सकाळी सुजलेले पाय घेऊन बांधावरच थांबला.

"अप्पा, वहाणा घालू द्या."

"मग खुडू नगंस."

"नगं तर नगं. पाय माझं हायत, देवाचं न्हाईत!"

तो गेला, पाठोपाठ बाकीचे गेले. पानं वेलावरच पिवळी पडायला लागली. धोंडप्पाची बायको बसम्मा एकटी खुडायची आणि संध्याकाळी पायाला करंजाचं तेल चोळत नवऱ्याला ऐकवायची, "वेलीला माहेर दिलंत, आता मलाबी धाडा तिकडं."

मी जाऊन भांडलो. "अहो, वहाणेनं वेल मरत नाही, मुंगीनं मरतोय! डोकं आहे का ठिकाणावर?"

"तुमी कायदं मोडणारी माणसं," तो म्हणाला. "मोडा. माझा हा एकच हाय."

मुंग्या बुडवायला त्यानं पाटाचं पाणी सोडलं. मुंग्यांनी एकमेकींना धरून गोळा केला आणि तो गोळा तरंगत पलीकडच्या बांधाला लागला. आम्ही दोघं उभे राहून बघत होतो.

मग एके दिवशी चनमल्लप्पा आला. दोन कोसांवरचा पानमळेवाला, मद्रासचं बेणं आल्यानंतर धोंडप्पाकडूनच वेल आणि माती नेलेला.

"अप्पा, पुन्हा बेणं द्या. मागलं समदं वाळलं."

"कशानं?"

चनमल्लप्पानं धोतर वर केलं. घोट्यापर्यंत फोड. "तांबड्या मुंग्या लागल्या बुडाला. कुटनं आल्या द्येव जाणे. तुमच्याकडं न्हाईत नव्हं?"

धोंडप्पा बांधावरच बसला. "तुझ्या आधी भाच्याला दिली," तो पुटपुटला, "माढ्याच्या पाव्हण्याला दिली... बसम्मा, आणिक कुणाला दिली गं माती?"

बसम्मा बोटं मोजायला लागली.

तो उठला, बांधावरच्या स्वतःच्या वहाणा पायात घातल्या, कोयता घेतला आणि तसाच आत गेला. मी आडवा आलो, तर त्यानं मला ढकललं. संध्याकाळपर्यंत सगळे वेल जमिनीवर. चनमल्लप्पा रिकाम्या हातानं गेला, त्या घरातून असा गेलेला पहिलाच.

वेल तोडून काय होणार होतं? मुंग्या त्या जागी अजून आहेत. बसम्मा आता तिथं जोंधळा पेरते आणि मुंग्या पेरलेला दाणा ओढून नेतात. धोंडप्पा मळ्याकडं फिरकत नाही. दाराशी कुणी आलं की आधी त्याच्या घोट्यांकडं बघतो.