वन्संचा रेंजवाला वर्ग

रेंज नेमकी कुठं सापडेल हे आमच्या वन्संइतकं अचूक ओळखणारं माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरं नसेल. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. आम्ही शहरात, पुंडलिकनगरात शेजारी राहायचो आणि त्या करमाडच्या पलीकडे एका खेड्यात शिक्षिका होत्या. शाळेला लॅपटॉप मिळाला तेव्हापासून त्या त्याला नवऱ्यासारखं "अहो" म्हणत. रोज संध्याकाळी तो दुपट्यात गुंडाळून घरी आणायच्या आणि सकाळी स्कूटीवर पुढं पाण्याचा कॅन, मागं लॅपटॉप अशी त्यांची स्वारी निघायची. दुष्काळ होता. शहर चहूकडं वाढत होतं आणि नळाला पाणी आठवड्यानं यायचं. "पाण्याचं आपल्या हातात नाय, रेंज तरी रोज यावी की!" असं म्हणत त्या कधी खिडकीत, कधी बाकावर चढून लॅपटॉप वर धरायच्या.

त्या वर्षी गावातले मेंढपाळ कळप घेऊन निघाले. वन्संची लाडकी विद्यार्थिनी मंगलही निघाली. तिचा बाप म्हणाला, "गावात चारा नाय, पानी नाय. पोरगी कुनापाशी ठेवू?"

"न्या तिला. फक्त शाळेच्या टायमाला मेंढरं उंचावर चारा, तिथं रेंज असते."

"मेंढरान्ला बी रेंज लागती व्हय?" तो बिचारा चक्रावला, पण कबूल झाला.

मग मंगलच्या जागेवर बाकावर लॅपटॉप बसू लागला. बापाच्या फोनवरून ती पडद्यात यायची, मागं मेंढरं ओरडायची आणि पोरं कविता त्याच आवाजावर मात करत म्हणायची. एकदा तपासणीला साहेब आले. पडद्यावर नेमकं मेंढराचं तोंड होतं. "हे कोण?"

"विद्यार्थिनीच्या घरचे आहेत, साहेब."

साहेब हसले नाहीत. वर्गात नसलेल्या मुलीचं नाव पटावरून काढावं लागेल, म्हणाले. "तिला काहीही विचारून बघा," वन्सं अडून बसल्या. साहेबांनी विचारलं, "पाऊणशे म्हणजे किती?" मंगलनं तोंड उघडलं आणि चित्र तिथंच गोठलं. वन्संनी लॅपटॉप उचलला नि जिन्याकडं धूम ठोकली. मागं सगळा वर्ग, त्यामागं धापा टाकत साहेब. गच्चीवर पोचताच आवाज फुटला, "पंच्याहत्तर! पंच्याहत्तर! मॅडम, मी कवाची सांगायलेय!"

"राहू द्या नाव," साहेब टाकीला टेकून म्हणाले.

पाऊसपाणी झाल्यावर मंगल परतली. वर्गाच्या दारात उभ्या पोरीला वन्संनी आधी ओळखलंच नाही. रोज पडद्यात दिसणारी ती एवढीशी पोर चांगली वीतभर वाढली होती. संध्याकाळी मला सांगताना त्यांनी तिची उंची दाखवायला हात खांद्याशी नेला.

"रोज बघत होते गं मी तिला," त्या म्हणाल्या. हात तसाच राहिला.