जांभळा पेट

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात माझी बायको सुमन पहिल्यांदाच माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. मी पाण्याच्या भांड्यात लिथियमचा कण टाकला. तो शांतपणे फसफसत राहिला. सोडियमचा कण वितळून पाण्यावर सैरावैरा पळाला. पोटॅशियमने मात्र पाण्याला शिवताच जांभळा पेट घेतला.

“हा एवढा उतावीळ का?” तिने विचारलं.

“तिघांचं घराणं एकच. पण मूलद्रव्यांच्या तक्त्यात खाली जावं तसा अणू मोठा होतो. बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रापासून लांब पडतो, पकड सैल होते आणि तो चटकन निघून जातो.”

“आणि केंद्राला काय वाटतं?”

इतकी वर्षं शिकवतोय, पण केंद्राची चौकशी कुणी केली नव्हती. आमची लेक नुकतीच परगावी शिकायला गेली होती. घरात आम्ही दोघंही तिचा विषय टाळत होतो.

“खालच्या अणूचं केंद्र उलट जास्त भारदस्त असतं,” मी म्हणालो. “त्याला ओढ कमी नसते गं. अंतर वाढलेलं असतं.”

संध्याकाळी लेकीला फोन सुमननेच लावला, आणि स्पीकर सुरू करून माझ्याजवळ येऊन बसली.