साहेबांच्या जाळ्यावरचा घेवडा

घेवड्याची पानं चुरगळली की त्या उग्र वासासरशी मला कर्जतची विहीर आठवते. मी तेव्हा नवी सून होते. विहिरीलगतच्या शेतात भाताची कापणी झाली की रेल्वेचे साहेब चेंडूफळी खेळत. एका हिवाळ्यात त्यांनी शेत आणि आमची पाण्याची वाट यांच्यामध्ये बांबू रोवून उंच जाळं टांगलं. सासूबाई भडकल्या. "आमची तोंडं बघायची नाय यांना? मग आमी तरी यांची कशाला बघू!" म्हणत त्यांनी जाळ्याखाली घेवडा पेरला. विहिरीच्या सांडपाण्यावर वेल जाळंभर माजला. एक दिवस हंडा घेऊन मी त्याच्या आडून चालले होते, तोच माझ्या तोंडासमोर जाळं पानांसकट फुगून आलं. चेंडू वेलात अडकला होता. माझ्या मागून येणाऱ्या सासूबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. मग माझ्या कपाळावरून हात फिरवत म्हणाल्या, "जाळं आपल्यासाठीच हाय गं." त्यांनी चेंडू पलीकडे टाकला, ओटीभर शेंगा खुडल्या आणि साहेबाच्या बंगल्यावर पाठवून दिल्या. पुढे साहेब गेले, जाळंही गेलं. आता त्याच वाटेने माझी सून पाण्याला निघते, तेव्हा मी उगाचच तिच्या आणि त्या शेताच्या मधून चालते.