माईक माझ्या हातात होता

लोक म्हणतात, झालं-गेलं सोडून दे. का सोडू?

मी अन् माझा एक दोस्त, आम्ही दोघं जालन्यात एका खोलीत राह्यचो. घरच्यांना वाटायचं पोरं शिकून राह्यलीत. कॉलेज पाह्यलंय कुणी! सकाळी स्टेशनवर चहा, दुपारी मोती तलावाच्या काठी लोळायचं, संध्याकाळी बाजारातून उगंच हिंडायचं. धड चपलांचा जोड एकच. ज्याला काम असंल त्यानं घालायचा. मनात आलं की एसटीत बसून जाफराबाद, का तर तिथली भजी चांगली. त्या भटकंतीत मी एक नाटक लिहिलं. चालता चालता संवाद म्हणायचो, तो पोट धरून हसायचा. "लेका, तू मोठा होणार," म्हणायचा.

मंग नाटकांची स्पर्धा आली, त्यात आम्ही तेच नाटक उतरवलं. तो नायक, मी आत पडद्याची दोरी धरून. पडदा उघडायच्या आधी माईकवर नावं सांगायचे. नावं द्यायला तोच गेल्ता. लेखक म्हणून त्याचंच नाव ऐकलं. दोरी ओढली नस्ती तर पडदा उघडलाच नस्ता. पण नाटक माझं होतं ना! ओढली. पहिलं बक्षीस आलं, हार त्याच्या गळ्यात. जाब विचारला तर म्हणे, "अरे, एका नावासाठी एवढा तमाशा?"

त्या नाटकावर तो मोठा झाला. मी गावी येऊन शेती धरली. घसा तेवढा नाटकाचा राह्यला.

आमच्याकडं लग्नात मंगलाष्टकांआधी माईकवरून एकेका पाहुण्याचं नाव घेऊन स्वागत करतात. सरपंच, चेअरमन, माजी, भावी, सगळे. ज्याचं नाव राह्यलं तो रुसून न जेवता जातो. आमच्या हसनाबादकडं हे काम माझ्याकडंच असतं.

परवा एका लग्नात तो आला. पांढरेशुभ्र कपडे, गॉगल, पहिली रांग. मी स्वागत सुरू केलं. दर नावाला तो खुर्चीतून जरासा उठायचा, हात जोडायच्या तयारीत. मी दुसऱ्याचंच नाव घ्यायचो. नवरीच्या बापानं दोनदा कानाशी येऊन सांगितलं. "घेतो, घेतो," म्हणलं. मंडपवाल्याचं घेतलं, आचाऱ्याचं घेतलं, वऱ्हाडाच्या जीपवाल्याचंसुद्धा घेतलं. मंग भटजींना म्हणलं, "करा सुरू."

अक्षता पडल्या तसा तो माझ्याकडं आला, तोंड लालबुंद.

"विसरलास का मला?"

"न्हाई. बिलकुल न्हाई."

"मंग माझं नाव का न्हाई घेतलं?"

"अरे, एका नावासाठी एवढा तमाशा?"

तो तसाच वळला. न जेवताच गाडीत बसला. नवरीचा बाप माझ्यावर भडकला, पुढच्या लग्नाला दुसरा माणूस बघतो म्हणाला. बघ म्हणलं! मी पंगतीत बसून दोनदा जिलेबी मागून घेतली.

नाटक अजून त्याच्याच नावानं लागतं. जाहिरात दिसली की आजही जीव जळतो, ते काही मला परत मिळायचं न्हाई. पण हे मी लिहून राह्यलो, अन् ह्यात त्याचं नाव कुठंच न्हाई.