तोंड नसलेल्या पतंगासाठी दिघ्याला

"दिघ्याला कुणी फिरायला जातं का?" बिल्डिंगमध्ये सगळ्यांनी विचारलं. आम्ही गेलो, कारण दादाला अ‍ॅटलास जातीच्या पतंगाचा क्लोजअप हवा होता. माझा हा मोठा भाऊ कित्येक वर्षं पतंगांचे अगदी जवळून मॅक्रो फोटो काढतोय. तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि त्याचं बोलणं गेलं. जेवण नाकातल्या नळीतून, श्वास गळ्याला पाडलेल्या भोकातून. आता डॉक्टरही पुढचं काही बोलत नाहीत. त्यामुळे 'पुढच्या वर्षी बघू' म्हणायची सोय नव्हती.

बोनकोड्याहून रिक्षा केली. रबाळ्यापर्यंत कंपन्यांचे ट्रक जीव खातात, म्हणून सकाळी लवकर निघा. रिक्षा मीटरने येते, फक्त शेवटच्या चढाला रिक्षावाला तोंड वाकडं करतो. दिघ्याच्या नाक्यावर गरम वडापाव मिळतो, तो वहिनीने बांधून घेतला. पुढची वाट शेवाळलेली आहे. चपला घालून जाऊ नका.

रात्री दिव्याला आलेले पतंग सकाळी आसपासच बसून राहतात. आम्हाला आमचा दिव्याच्या खांबाशेजारच्या झुडपात सापडला. तळहाताहून मोठा, पंखांच्या टोकांना सापाचं डोकं काढल्यासारखं. एवढा थाट, आणि खायला तोंडच नाही! अळी असताना पोटात साठवलेल्यावर आठवडाभर जगायचं, मग संपलं. दादाला हे आधीपासून माहीत होतं, म्हणूनच त्याला हा हवा होता.

मॅक्रोवाले क्लिक करताना श्वास रोखतात. दादाने सवयीने ओठ घट्ट मिटले, पण श्वास गळ्यातून चालूच. ती हवा थेट पंखावर जायची आणि फोटो हलायचा. पुन्हा ओठ मिटले, पुन्हा तेच. शेवटी त्याने कॅमेरा माझ्या हातात दिला. मला रडू येत होतं, तरी काढले फोटो.

मागे वळलो तर वहिनी दगडाआड, पाठ करून वडापाव खात होती. नळी लागल्यापासून आमच्या घरात हेच चाललंय. दादा हॉलमध्ये टीव्हीसमोर, आम्ही स्वयंपाकघरात दार लावून. त्याला त्रास नको, एवढंच डोक्यात. दादाने मोबाइलवर टाइप करून तिच्यासमोर धरलं: 'लपून का खातेस? मी मेलोय का?'

"तुमाला बगवनार नाय म्हनून," वहिनी म्हणाली.

त्याने लिहिलं: 'एकटं बसवता, ते बघवत नाही.'



फोटो बरा आलाय. तोंडाच्या जागी नुसती लव दिसते. जमलं तर जा, पतंग खरोखर बघण्यासारखा आहे. मला मात्र त्या दिवसातलं संध्याकाळचं जेवण जास्त आठवतं. वहिनीने बोंबलाचं कालवण केलं होतं. दादा खुर्ची ओढून आमच्यात येऊन बसला. मी सिरिंजने त्याच्या नळीत दूध सोडत होतो. ताटं वाढलेली, पण कुणाचा हात चालेना. दादाने मोबाइल वहिनीपुढे सरकवला. त्यावर एकच शब्द होता: 'मीठ?'

वहिनीने घास घेतला. डोळे पुसत म्हणाली, "जास्ती झालाय."

दादाने भाताचं पातेलं तिच्याकडे सरकवलं.