उस्तादांची जागा

आमच्या नागपूरच्या घरात ‘उस्ताद’ हा शब्द खोडकर मुलांसाठी राखून ठेवलेला होता. लाडू पळवणारा तो उस्ताद, गृहपाठ टाळणारा तोही उस्ताद. त्या शब्दाला भ्यावं असं काही त्यात असेल, हे मला नव्वदच्या दशकात बंगळुरात कळलं, अक्कांच्या गाण्याच्या खोलीत.

यजमान पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात होते. दुपारी मी अक्कांकडे शिकायला जाई. त्या बेळगावकडच्या, सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या. शहरातल्या फलकांवर गवयांच्या नावाआधी ‘विद्वान’ लिहिलेलं असे. अक्का मात्र आपल्या दिवंगत गुरूंना उस्तादच म्हणत, आणि म्हणताना त्यांचा हात कानाच्या पाळीला जाई. गाणाऱ्यांची ही जुनी रीत. नाव ओठांवर येण्याआधी बोटं कानाशी पोचलेली असत.

खिडकीखाली घडी घातलेली एक सतरंजी होती. तिच्यावर कुणी बसत नसे. शेजारी उस्तादांचा तंबोरा. अक्का तो रोज सकाळी जुळवत, वाजवत कधीच नसत. आम्ही दुसऱ्या तंबोऱ्यावर गात असू. अक्कांचा षड्ज नेमका लागला की त्या न छेडलेल्या तारा आपोआप गुणगुणत. ओल्या केसांतून कुणी बोट फिरवावं तसा बारीक, गार नाद.

“ऐकलंस? हो म्हणाले,” अक्का म्हणत.

यजमानांनी मला कंपनांचं शास्त्र समजावून सांगितलं होतं. ते पटलंही होतं. तरी पाठीमागून तो नाद आला की मानेवर काटा उभा राही.

पुढे अक्कांचा आवाज उतरला. त्यांनी आपला तंबोरा खालच्या पट्टीत जुळवला. उस्तादांचा जुन्याच पट्टीत राहिला, आणि गप्प झाला.

त्याच वर्षी मराठी मंडळाचे चिटणीस गणेशोत्सवाचं आमंत्रण घेऊन आले. “अक्का, पत्रिकेत नावाआधी काय छापू? पंडिता की विदुषी?”

“काही नको. उस्तादांनी म्हटलं नाही अजून.” बोटं कानाला लागली.

मला ते ठाऊक होतं. उस्ताद अक्कांच्या गुरुबंधूला म्हणाले होते, ‘आता तू झालास.’ अक्कांना म्हणाले, ‘तुझं थोडं राहिलंय,’ आणि पुढच्या पावसाळ्याआधी गेले. त्या थोड्यासाठी अक्का आयुष्यभर गात आल्या होत्या.

“ते आता कुठून म्हणणार?” चिटणीस हसले.

“थांबा की स्वल्प. विचारते.”

त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या आणि जुन्या पट्टीतला षड्ज लावू लागल्या. आवाज वर चढे, थरथरे, निसटे. तारा स्तब्ध. चिटणिसांच्या बशीत कप किणकिणला.

“अक्का, तो तंबोरा उतरवू का थोडा?” मी हळूच विचारलं.

“त्यांना खाली आणतेस होय?” त्यांनी पदरानं ओठ टिपले. “नाहीच म्हणाले.”

अवघडून चिटणीस माझ्याकडे वळले. साथीला मी बसणार होते. “तुम्ही कुणाच्या शिष्या म्हणून लिहू?”

मी अक्कांचं नाव घेतलं. घेताना माझा हात कानाला लागला. मी तो उचलला नव्हता. तो आपणहून गेला होता, आणि पाळीला झालेला बोटांचा स्पर्श परक्याचा वाटला.

अक्कांनी पाहिलं. खोलीत कुणीच गात नव्हतं. खिडकीखाली खर्जाची तार वाजली. एकदाच, खोल, आणि बराच वेळ विरत राहिली.

“लॉरी गेली वाटतं,” चिटणीस म्हणाले. रस्ता रिकामा होता.

“नुसतं नाव छापा,” अक्का शांतपणे म्हणाल्या. “बाकीचं पोचलं.”

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले, तर अक्का खिडकीखालच्या सतरंजीवर बसलेल्या. त्यांची नेहमीची जागा माझ्यासाठी मोकळी ठेवलेली. माझी पावलं उंबऱ्याशीच अडली.

“ये,” त्या म्हणाल्या. त्यांचा तळवा शेजारी सतरंजीवर सावकाश फिरत होता. “आत्ताच उठून गेले. अजून कोमट आहे बघ.”

मी हात लावला नाही. समोर बसले आणि षड्ज लावला.